जपानी किटली फुटली. दोन-अडीच हजारांत दुसरी कोणती घ्यावी?

संत्राबाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातून लिहिते आहे. किटली म्हणजे टपरीवरची ॲल्युमिनियमची नव्हे, हिरव्या चहाची छोटी जपानी किटली. घासताना ओट्यावर आपटली. बाजूची दांडी मुळाशी तुटली आणि तोटीच्या टोकाचा हरभऱ्याएवढा टवका उडाला. झाकण मात्र शाबूत आहे. किटली भेट आलेली होती, त्यामुळे किंमत, बनावट काही ठाऊक नाही.

वर्णन असे: लालसर तपकिरी माती, आतून-बाहेरून झिलई नाही. तोटी आणि दांडी एकमेकींशी काटकोनात. आत तोटीच्या मुळाशी मातीचीच फुगीर जाळी, सुईच्या टोकाएवढी भोके.

रोज पिणारे आम्ही तिघे, पाहुणे आले तर पाच. पत्ती सेन्चा (वाफवून केलेला जपानी हिरवा चहा), पाकिटात चुरा बराच निघतो. कधी होजिचा (भाजलेला हिरवा चहा). सासूबाई डावखुऱ्या आहेत आणि दुपारचा चहा त्याच ओततात, हे मुद्दाम सांगते. पाणी बोअरचे, गंजाला (पातेल्याला) पांढरा थर धरतो. प्यायला आरओचा जार येतो.

बजेट 2,000, ओढूनताणून 2,500, कुरिअरसकट. विचारायचे हे की जुनी चिकटवून चालेल का? वाचलेले झाकण दुसऱ्या किटलीला बसेल का? तशीच मातीची घ्यावी की चिनीमातीची किंवा काचेची? आणि ती काळी बिडाची किटली दिसायला फार सुंदर आहे, ती या चहाला चालते का?

कुंभारचाक

ताई, आधी जुनीचे बघू.

दांडी चिकटवू नका. भरलेली किटली उचलली की सगळा भार त्या रुपयाएवढ्या जोडावर लोंबतो. 300 मिली पाणी आणि 250 ग्रॅम माती धरली तर अर्ध्या किलोच्या वर वजन, तेही तरफेसारखे लांबून. बाजारातला साधा इपॉक्सी गोंद गरम पाण्याच्या उष्णतेने मऊ पडतो. जोड सुटला तर 80 अंशांचे पाणी सरळ मांडीवर. तोटीला टवका गेला की धार फुटते, थेंब तोटीखालून ओघळून बुडाशी येतो. तो टवका नंतर घासून सारखा करता येत नाही, आणखी खपल्या निघतात.

किन्त्सुगीचे, म्हणजे फुटके भांडे सोनेरी रेघेने जोडायच्या जपानी पद्धतीचे, नाव कोणीतरी काढेलच, म्हणून आताच सांगतो. खरी किन्त्सुगी उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने करतात. हे झाड आपल्या बिब्याच्या कुळातले. बिबा उततो तसाच ओला उरुशी अंगावर उततो. आणि तो वाळून घट्ट होत नाही, हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. दमट पेटीत कित्येक दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो तसाच चिकट राहील. ऑनलाइन 'किन्त्सुगी किट' म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा इपॉक्सी आणि सोनेरी भुकटी असते. शोभेच्या फुलदाणीला ठीक, गरम चहाला नाही.

झाकणाचे म्हणाल तर दुसऱ्या किटलीला बसणे म्हणजे लॉटरी. या किटल्यांची झाकणे त्यांच्याच अंगासोबत भाजतात आणि चांगल्या कारागिराकडे दोन्ही एकमेकांवर घासून बसवतात. भाजताना माती आक्रसते, प्रत्येक नगाची थोडी वेगळी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी झाकण डगडगते किंवा अडकते. ठेवून द्या, पण त्याच्या मापाने किटली शोधू नका.

फुटलेली टाकून देण्याआधी एक काम करा. तिचे माप घ्या. वजनकाट्यावर रिकामी ठेवून काटा शून्यावर आणा, ओतताना जिथपर्यंत भरत होता तिथपर्यंत पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. टवक्यामुळे तिथपर्यंत भरत नसेल तर तोटीला ओल्या कणकेचा बोळा लावा. हा आकडा तुमच्या हाताला सवयीचा आहे, नवी निवडताना तोच धरा. विक्रेते बहुतेक वेळा काठोकाठचे माप लिहितात. वापराचे माप त्याच्या पाऊण ते चार-पंचमांश धरा. म्हणजे 360 लिहिले असेल तर 270 ते 290.

हिरवीपत्ती

वरचे बरोबर आहे. निवडीचे मी सांगते. लोक आधी रंग बघतात, मग 'ओरिजिनल जपान' आहे का ते बघतात, जाळी सगळ्यात शेवटी. क्रम उलटा पाहिजे. रोजच्या वापरात किटली आवडते की डोक्याला ताप होते हे जाळीवर ठरते.

तुमच्या पाकिटात चुरा निघतो म्हणजे तो बहुधा फुकामुशी असावा, जास्त वाफवलेला सेन्चा. साध्या सेन्चाच्या दुप्पट-तिप्पट वेळ वाफवतात, म्हणून पाने ठिसूळ होऊन तुटतात. चहाचा रंग गडद हिरवा आणि गढूळ येतो, तो दोष नाही. पण मातीच्या भोकांच्या जाळीत हा चुरा चिखलासारखा बसतो. दुसऱ्या वेळी ओतताना धार बारीक होते, तुम्ही किटली जास्त तिरपी करता, आणि झाकणाच्या कडेने चहा निघतो. तुमच्या जुन्या किटलीत हे होतच असणार.

मातीची जाळी, तिला सासामे म्हणतात. अख्ख्या पानाच्या सेन्चाला हिच्यासारखी दुसरी नाही. गंजत नाही, उचकटत नाही. चुऱ्याला मात्र त्रास. तुंबली तर टाचणीने टोकरू नका, भोकांच्या कडा तुटतात. किटली उलटी ठेवून पत्ती पूर्ण वाळू द्या, मग मऊ दातब्रशने झटका, आपोआप सुटते. ओली असताना ओरबाडले की चुरा आणखी आत जातो.

आतल्या भिंतीला गोल पट्ट्यासारखी बसवलेली बारीक स्टीलची जाळी म्हणजे ओबिआमि. जाळीचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून एका बाजूला चुरा साचला तरी दुसरीकडून चहा येत राहतो. फुकामुशीला हीच सर्वात सोयीची. खोड इतकीच की जाळी आणि भिंत यांच्या फटीत तपकिरी किटण धरते, आणि काही वर्षांनी जाळीची कड सुटून वर येते.

उचलून काढायची टोपली-जाळी धुवायला सगळ्यात सोपी. पण टोपली उथळ असली तर फसगत होते. किटली अर्धी भरली की पाणी टोपलीच्या बुडाला जेमतेम लागते आणि पत्ती कोरडीच. म्हणून टोपली किटलीच्या तळापासून एक सेंटिमीटरच्या आत पोचली पाहिजे आणि रुंद पाहिजे. पत्ती फुगून कितीतरी पट होते, तिला पसरायला जागा लागते. बोटभर रुंदीच्या नळीत कोंबलेली पत्ती वरून भिजते, आतून नाही.

चौथा प्रकार तोटीत घातलेल्या तारेच्या स्प्रिंगचा. स्वस्त चिनी किटल्यांत असतो. मोठ्या पानांच्या ऊलाँग चहाला ठीक. तुमच्या चुऱ्याला तो अडवणारच नाही.

आकाराचे. जपानी पद्धतीत सेन्चाचा कप 80-90 मिलीचा, माणशी 2 ग्रॅम पत्ती. तिघांना 6 ग्रॅम आणि 270 मिली. म्हणजे काठोकाठ 340 ते 400 मिली लिहिलेली किटली. पाच जणांसाठी मोठी घेऊ नका. त्याच पत्तीवर दुसरे पाणी घाला. सेन्चा दोनदा, तीनदा निघतो. मोठ्या किटलीत थोडे पाणी घातले की पत्ती बुडाला पातळ पसरते आणि पाणी लवकर निवते, चहा पांचट होतो. होजिचाला उकळते पाणी जास्त लागते, माणशी 3 ग्रॅम आणि 130 मिली. तिघांचे 390 होतात, तेव्हा होजिचा याच किटलीत दोन खेपांत करा. त्याच्यासाठी वेगळी घ्यायची गरज नाही.

बिडाच्या किटलीचे कुंभारचाक भाऊंनी सोडून दिले. जपानात यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. तेत्सुबिन म्हणजे चुलीवर पाणी तापवायची, आतून कोरे लोखंड. आणि आतून काचेसारखा एनॅमल लावलेली छोटी, जाळीवाली, ती फक्त चहा भिजवायला. आपल्याकडे ऑनलाइन दिसते ती बहुधा दुसरी. ती गॅसवर ठेवली की एनॅमल तडकतो, मग गंज. शिवाय जड, आणि उष्णता धरून ठेवते. दुधाविना काळ्या चहाला तो गुण आहे, सेन्चाला दोष. पहिले पाणी ओतून झाल्यावरही पत्ती आत गरम राहून शिजते आणि दुसरा कप कडू लागतो. सोडून द्या.

खारपाण

राजेहो, सगळे जाळीवरच अडकले, पाण्याचे कोणीच बोलले नाही. ताईंनी प्रश्नातच लिहिले हाय की गंजाले पांढरा थर धरते.

आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातले, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले. तुमच्या आर्वीकडे पाणी आमच्याइतके खारट नसेल, पण काळ्या दगडातल्या बोअरचे पाणी जड असतेच. दोन गोष्टी होतात. एक, चव. जपानचे पाणी मऊ, त्या चहाची चव त्या पाण्यावर बसवलेली. जड, अल्कधर्मी पाण्यात हिरवा चहा पिवळट तपकिरी पडते अन् सपक लागते. दोन हजाराची किटली घ्या नाही त वीस हजाराची, हे बदलत नाही. जारचेच पाणी वापरा. आरओवाल्याजवळ टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचे) राह्यते, विचारा. 50 ते 150 च्या मधात असले की झाले. पार 10-20 वर आणलेले पाणी पण चांगले नाही, चहा पोकळ लागते.

दुसरी गोष्ट क्षार. पाणी गंजात उकळताना बराच क्षार गंजालेच बसते. पण तोटीच्या टोकावर अन् झाकणाच्या कडेवर थेंब वाळतात, तिथे पांढरी रेघ येते. झिलईच्या किटलीले अन् काचेले हे काढणे सोपे: अर्धा लिटर गरम पाण्यात एक चमचा लिंबूसत्व, अर्धा तास भिजत ठेवा, धुऊन टाका. बिनझिलईच्या मातीले पांढरे डाग आत मुरतात, ते लवकर जात नाहीत. साबण पण चालत नाही, माती वास धरते. अन् आपल्याकडे भांडी राखेनं, तारेच्या घासणीनं घासाची सवय. एकदा का कोणी त्या लाल किटलीले घासणी मारली, ओरखडे कायमचे.

म्हणून माझे मत, मातीची कायले? चिनीमातीची घ्या, आतून पांढरी. चहाचा रंग दिसते, काय धुतले काय नाही ते पण दिसते.

कुंभारचाक

खारपाण भाऊ, पाण्याचे शंभर टक्के मान्य. पण मातीच्या किटलीवर एवढा राग नको. ताईंची जुनी बहुधा टोकोनामे पद्धतीची होती, आइची प्रांतातल्या टोकोनामेची लाल माती, शुदेइ म्हणतात तिला. ती आपल्या माठासारखी पाझरत नाही. आपला कुंभार भट्टी 700-900 अंशांवर काढतो, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होते. टोकोनामेची माती 1,100 च्या आसपास भाजलेली, घट्ट. भांड्याला बोटाने टिचकी मारली तर माठ 'भद' वाजतो, ही 'टिण' वाजते. मातीमुळे चहा गोड होतो वगैरे जे सांगतात त्यावर पैसे लावू नका. पण दांडी तापत नाही, तोटी थेंब गाळत नाही, वजन हातात बरोबर बसते, हे खरे आहे आणि तेवढ्यासाठी ती घ्यावी.

अडचण बजेटची. जपानहून मागवली तर टपाल आणि आयात शुल्क मिळून किटलीपेक्षा जास्त होऊन बसते. इथे आणून विकणाऱ्यांकडे खऱ्या टोकोनामेच्या 2,500 मध्ये मिळाल्या तर छोट्याच मिळतील. 'जपानी स्टाइल' लिहिलेली म्हणजे जपानी बनावटीची नव्हे, हे लक्षात ठेवा. त्यातल्या पुष्कळशा चिनी असतात, आणि वाईटच असतात असे नाही. फक्त टोकोनामेचा भाव चिनीला देऊ नका.

आणि डावखुरेपण. यावर अजून कोणी बोलले नाही, पण माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो. बाजूला दांडीवाली किटली, योकोदे, उजव्या हातासाठी केलेली असते. दांडी आपल्याकडे धरली की तोटी डावीकडे येते. उजवे मनगट आत वळवले की चहा पडतो आणि अंगठा झाकण दाबून धरतो. तीच डाव्या हातात घेतली तर मनगट बाहेर उलटे वळवावे लागते. थकलेल्या हाताला ते जमत नाही आणि झाकण सांभाळणारा अंगठा सैल पडतो. डाव्या हाताच्या योकोदे मिळतात, तोटी उलट बाजूला, पण इथे आणि या पैशात शोधत बसाल. त्यापेक्षा मागे मूठ असलेली घ्या, उशिरोदे. आपल्या नेहमीच्या टीपॉटसारखी, मूठ तोटीच्या बरोबर समोर. कोणत्याही हाताने चालते.

संत्राबाग

सगळ्यांचे आभार. जुनीचे माप घेतले, बोळा लावून 285 ग्रॅम भरले. वापरात होते ते जवळपास तेवढेच.

रात्री बसून चार काढल्या:

अ) लाल मातीची, बाजूला दांडी, 'टोकोनामे' लिहिले आहे, पट्ट्याची स्टील जाळी, 360 मिली. 3,400 रुपये.

ब) चिनीमातीची, आतून पांढरी, बाहेर निळी, मागे मूठ, टोपली-जाळी, 500 मिली. 1,350.

क) बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेची, बाजूला दांडी, स्टीलची टोपली, 300 मिली. 799.

ड) झिलईची, काळपट, बाजूला दांडी, मातीच्या भोकांची जाळी, 350 मिली, 'जपानी स्टाइल'. 1,650.

'ड' दिसायला अगदी जुनीसारखी आहे, जीव तिच्यावर अडकला आहे.

हिरवीपत्ती

'ड' सोडा. दिसायला जुनीसारखी म्हणजे त्रासही जुनाच. भोकांची जाळी, तुमचा चुरा आणि उजव्या हाताची दांडी.

'अ' बजेटबाहेर आणि तीही उजव्या हाताची. नाहीतर चुऱ्याला तीच सर्वांत चांगली होती.

'क' मध्ये 300 काठोकाठ म्हणजे 230-240 वापराचे. तिघांना कमी पडेल. काचेला दांडी जोडलेली जागा नाजूक असते. हिवाळ्यात सकाळी गार काचेत उकळते पाणी एकदम ओतू नका, बोरोसिलिकेट असली तरी. बाकी काच वाईट नाही. तुम्ही दोघेच असता तर हीच घ्या म्हटले असते.

'ब' बसते, पण एक गोष्ट विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. 500 च्या किटलीत तुम्ही 270-285 घालणार, म्हणजे पाणी अर्ध्याच्या थोडे वर. टोपली किती खोल आहे आणि तिच्या बुडापासून किटलीच्या बुडापर्यंत अंतर किती? फोटोत टोपली किटलीबाहेर काढून शेजारी ठेवलेली असेल तर उंचीची तुलना करा. टोपली किटलीच्या अर्ध्यातच संपत असेल तर तुमचे पाणी तिच्या बुडालाच चाटून राहील, 6 ग्रॅम पत्ती कधी नीट भिजणारच नाही. मग दर वेळी किटली जवळजवळ पूर्ण भरावी लागेल. त्याच विक्रेत्याकडे हीच 350-400 मापात असेल तर ती बघा. टोपली बहुतेक तीच असते, किटली लहान होते आणि टोपली तळाशी जाते.

टोपलीची जाळी किती बारीक हेही बघा. स्टीलच्या पत्र्याला पाडलेली भोके असतील तर चुरा पडणार. विणलेली बारीक तारेची जाळी पाहिजे, आपली चहागाळणी असते तिच्यापेक्षाही बारीक.

खारपाण

'ब' ले माझे पण मत. आत रंगीत नक्षी नाही ना, बघा. बाहेर काय पाहिजे थे रंग असो, पाण्याले लागणारी बाजू कोरी पांढरी असली पाह्यजे. स्वस्त भांड्यात आतल्या भडक रंगाचा भरवसा नाही.

अन् पिनकोड टाकून बघा. आपल्याकडे घरापर्यंत येते का तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आणावे लागते, थे आधी समजते. काचेचं-मातीचं सामान तीन ठिकाणी चढते-उतरते. खोका उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, पट्टी फाडण्यापासून किटली टेबलावर ठेवेपर्यंत, मधात तोडू नका. फुटकी निघाली त परत करताना तोच कामी येते.

कुंभारचाक

व्हिडिओ काढून झाला की त्याच दिवशी तपासणी करा. परत करायची मुदत कुठे सात, कुठे दहा दिवस असते, आणि एकदा चहा केला की परत घ्यायला कोणी राजी नसते. म्हणून सगळे साध्या गार पाण्याने.

टिचकी मारा, माठ घेताना मारतो तशी. स्वच्छ आवाज आला तर ठीक. 'खर्र' किंवा भद्द आवाज म्हणजे कुठेतरी केसाएवढा तडा. मूठ जोडलेल्या दोन्ही जागा आणि तोटीचे मूळ उजेडात बघा.

किटली सपाट ठेवून बाजूने बघा. तोटीचे टोक झाकणाच्या बैठकीइतके किंवा जरा वर पाहिजे. टोक खाली असेल तर किटली कधी पूर्ण भरताच येणार नाही, पाणी तोटीतून आधीच बाहेर येईल. गावच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप ज्या उंचीला असतो त्याच्या वर पाणी चढत नाही, तसेच हे. स्वस्त किटल्यांत हा दोष पुष्कळ वेळा निघतो आणि फोटोत कोणी बघत नाही.

आता पाणी भरा, झाकण लावा आणि ओतताना झाकणावरच्या बारीक भोकावर बोट ठेवा. धार थांबली किंवा बरीच बारीक झाली तर झाकण घट्ट बसते. अजिबात फरक पडला नाही तर झाकण सैल आहे. सैल झाकण म्हणजे लगेच परत करा असे नाही, पण ओतताना ते धरावे लागेल. टोपलीवाल्या किटल्यांत झाकण टोपलीच्या कडेवर बसते, तिथे ही परीक्षा तितकी कडक लावू नका.

ओतता ओतता मनगट झटकन वर घ्या. शेवटचा थेंब तोटीच्या टोकावरून परत आत गेला पाहिजे. खाली ओघळून पोटावर आला तर रोज फडके घेऊन बसावे लागेल. यासाठी तोटीच्या टोकाची खालची कड पातळ आणि धारदार पाहिजे. जाड, गोल ओठ असलेली तोटी ओघळतेच.

मागची मूठ धरून, भरलेली किटली सासूबाईंच्याच हातात द्या. तीन बोटे आत मावतात का, बोटांची मागची बाजू किटलीच्या पोटाला टेकते का बघा. चिनीमाती पातळ असते, गरम झाली की चटका देते. बोटे टेकत असतील तर परत करा, यात तडजोड नको.

तोटीवर रबराची नळी लावून आली तर काढून टाका. ती फक्त वाहतुकीत टोक फुटू नये म्हणून असते. पुष्कळ जण ती तशीच ठेवतात, मग आत काळी बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास.

संत्राबाग

विक्रेत्याने उत्तर दिले. 'ब' ची टोपली 500 मध्ये तळापासून साडेतीन सेंमी वर राहते. तीच 380 मिलीमध्ये आहे, त्यात टोपली तळापासून अर्ध्या सेंमीवर. जाळी विणलेली आहे, फोटो झूम करून पाहिला. 1,150 अधिक कुरिअर 90. आत कोरी पांढरी. मागवली.

ती येईपर्यंत काय करावे? आणि तिच्यात पाणी नेमके किती गरम घालावे? मातीच्या किटलीत अंदाज बसला होता.

हिरवीपत्ती

तोवर झाकणाचा छोटा गंज किंवा वाटी-ताटली घ्या. 6 ग्रॅम पत्ती, 270 मिली पाणी, झाकण, एक मिनिट, मग बारीक गाळणीतून तीन कपांत. चहा तोच होतो. फक्त गाळून झाल्यावर पत्ती पाण्यात राहू देऊ नका.

पाणी 75-80 अंश, वेळ एक मिनिट. थर्मामीटर नसेल तर उकळलेले पाणी आधी कपांत ओता, कपांतून किटलीत. प्रत्येक ओतण्याला साधारण 5 ते 10 अंश उतरतात, शिवाय कपात मिनिटभर थांबले की आणखी. कपांत ओतल्याने माप आपोआप तिघांचे होते आणि कपही गरम होतात. मे महिन्यात स्वयंपाकघरच चाळिशीच्या वर असते तेव्हा पाणी तितके उतरत नाही, मध्ये स्टीलच्या गडव्यात एकदा जास्तीचे ओतून घ्या. डिसेंबरात उलट, किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या.

ओतताना एक कप भरून मग दुसरा असे करू नका. तिन्हींत थोडे थोडे, एक-दोन-तीन, मग तीन-दोन-एक. शेवटचा थेंबही काढा. किटलीत चमचाभर पाणी राहिले तरी पत्ती त्यात कडू होते. त्यानंतर झाकण तिरपे ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. दुसरे पाणी जरा जास्त गरम, पण पंधरा सेकंदच.

खारपाण

अन् उन्हाळ्यात दुपारी गरम चहाचा कंटाळा आला त याच पत्तीचे 10 ग्रॅम एक लिटर जारच्या पाण्यात टाकून तीन-चार तास फ्रिजात ठेवा. कडूपणा येत नाही. बाटलीतच करा, नवी किटली कायले अडकवता.

फक्त एक सांगतो, त्या किटलीत घरचा दुधाचा चहा, आलं-विलायची करू नका. झिलईमुळे मातीसारखा वास मुरणार नाही, पण टोपलीच्या जाळीत दुधाची साय अन् सीटीसी (दाणेदार) पत्तीचा भुगा बसला की मग सेन्चालेही तोच वास येते. पाहुण्यांच्या गर्दीत कोणी ना कोणी करतेच, म्हणून आधीच घरात सांगून ठेवा.

संत्राबाग

सांगून ठेवते. झाकणाचे भोक ओतताना कोणत्या बाजूला ठेवायचे? जुनीचे आम्ही कसेही लावत होतो.

कुंभारचाक

तोटीच्या बाजूला. ओतताना हवा तिथून आत येते आणि धार अडखळत नाही. तुमच्या नव्या झाकणाला खाली अडकवणारा दात असेल तर तो मुठीच्या बाजूला येतो का तेवढे बघा. म्हणजे किटली तिरपी केली तरी झाकण कपात पडत नाही.